हिरोज ३ : तगड्या गड्याला चिखलात कसं ओढावं?

नौपाडकर | रविवार, सकाळी ९:१२

काल रात्री दादाला हरवलं. हे एक वाक्य लिहायला मला सात वर्षं लागली, म्हणून ते आधी लिहून टाकतो. आता सविस्तर.

'हिरोज ऑफ माइट अँड मॅजिक ३' हा १९९९ सालचा कॉम्प्युटर गेम: हिरो म्हणजे सेनापती, टाउन म्हणजे त्याचं शहर, तिथून क्रीचर म्हणजे सैन्य विकत घ्यायचं आणि पाळीपाळीने नकाशावर चालून एकमेकांची टाउन घ्यायची. इथे खेळणारे बरेच आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे, त्यामुळे याहून प्राथमिक धडे देत नाही. आमचा अड्डा ठाण्यात नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. भिडू चौघं: दादा (मावसभाऊ, नेरुळहून येतो), डॉक्टर, डॉक्टरांच्या मिसेस म्हणजे आमच्या वहिनी, आणि मी. इंटरनेटवर नाही, हॉट सीट खेळतो. कॉम्प्युटर एकच, ज्याची पाळी तो खुर्चीत आणि बाकीचे तिघं गॅलरीत. गॅलरीत चहा, फरसाण आणि खाली रिक्षावाल्यांची भांडणं. एक टर्न दहा-दहा मिनिटं चालतो, पण घाई कुणाला असते?

दादा आमच्यात सरस आहे हे मान्यच. आकडे तोंडपाठ. कुठलं क्रीचर किती डॅमेज देतं हे तो गेममध्ये बघत नाही, सांगतो. टाउनचे प्रकार बरेच, पण त्याचं कायम कॅसल. पहिल्या महिन्यात कॅपिटॉल उभं राहिलं की रोज ४००० सोनं, मग आर्चएंजल (कॅसलचं सगळ्यात तगडं क्रीचर), मग आम्ही तिघं आळीपाळीने मरणार. इतकी वर्षं हेच.

कालचा नकाशा लार्ज, १०८ बाय १०८, खाली भुयारं नाहीत. मला लॉटरीत फोर्ट्रेस लागलं, तेव्हा वहिनी "अरेरे" म्हणाल्या. दलदलीतलं टाउन, मेज गिल्ड तिसऱ्या मजल्यावर संपतं, मोठी जादू मिळायची आशा नाही. पहिला महिना संपला तेव्हा टॅव्हर्नमधल्या थीव्ज गिल्डचा, म्हणजे कोण कितवा आहे ते दाखवणारा, तक्ता बघितला. दादा जवळजवळ प्रत्येक रकान्यात पहिला. मी जवळजवळ प्रत्येक रकान्यात चौथा.

पण माझ्या आणि त्याच्या मध्ये दलदलीचा जाड पट्टा होता, आणि माझ्या डोक्यात पहिल्यांदाच प्रकाश पडला की सैन्य मोजण्यात मी सात वर्षं घालवली, दिवस कधी मोजलेच नाहीत. दलदलीत चालायला पावणेदोन पट चाल लागते. दादा कोरड्या रस्त्याने चार दिवसांत जे अंतर कापेल त्याला चिखलात सात दिवस. आणि माझी पलटण सगळी फोर्ट्रेसची! दलदल हे तिचं माहेर. हिरोबरचं सगळंच्या सगळं सैन्य त्या जमिनीचं असेल तर ती वाढीव चाल लागतच नाही. म्हणजे चिखलात माझा हिरो सडकेवरून चालल्यासारखा चालणार आणि दादाचा फसणार.

आता त्याला चिखलात आणायचं कसं? टॅव्हर्नमधून २५०० सोन्याचा एक फालतू हिरो घेतला, त्याच्या हातात एक ग्नोल (फोर्ट्रेसचं सगळ्यात हलकं क्रीचर) दिला, आणि उत्तरेच्या कडेकडेने जाऊन दादाच्या जेम पाँडवर (रोज रत्नं देणारं तळं) माझा झेंडा लावला. दादाच्या एका दुय्यम हिरोने दुसऱ्या दिवशी ती परत घेतली. मी पुन्हा लावला. डासासारखं. एक आर्चएंजल म्हणजे ५००० सोनं आणि ३ जेम. सोनं त्याच्याकडे पोत्याने होतं, जेम अडकले. तिसऱ्यांदा झेंडा गेला तेव्हा दादा खुर्चीतून ओरडला, "थांब, तुझं घरच उठवतो आता." मी गॅलरीतून काही बोललो नाही.

इथून पुढचा भाग मी लिहावा की नाही असा विचार करत होतो, पण लिहितो.

त्याच्या पुढच्या टर्नला मी गॅलरीत कठड्याला टेकून उभा होतो. डॉक्टर कुठल्यातरी पेशंटची गोष्ट सांगत होते. आतून स्पीकरवर घोड्याच्या टापा येत होत्या. गवतावरची ती मऊ टपटप आपल्याला झोपेतही ओळखू येते. ती चालली, चालली, आणि मग मध्येच बदलली. पचक, पचक, पचक. जमीन बदलली की या गेममध्ये टापांचा आवाज बदलतो. हे मी वीस वर्षं ऐकत आलोय, पण 'ऐकलं' मात्र काल. दादा दलदलीत शिरला होता. त्याच्या बाजूची दलदल माझ्या नकाशावर अजून काळीच, म्हणजे न उघडलेली, होती, पण मला दिसायची गरजच उरली नाही.

माझा टर्न आला. टाउनमध्ये मूठभर ग्नोल ठेवले आणि मुख्य हिरो सगळं सैन्य घेऊन दक्षिणेकडून वळसा घालून निघाला. चार दिवस चिखल, दोन दिवस गवत. आठवड्याच्या सातव्या दिवशी दादाच्या राजधानीच्या भिंतीला लागलो. आत हिरो नाही, थोडे तिरंदाज. सर्पेंट फ्लाय भिंतीवरून उडून त्यांना जाऊन चिकटल्या, त्यांची नेमबाजी बंद, आणि मागून गॉर्गन. टाउन पडलं. आत गेलो तर पोर्टल ऑफ ग्लोरीत दोन आर्चएंजल विकत घ्यायचे राहिलेले! जेम नव्हते ना त्याच्याकडे. माझ्याकडे होते. त्याच्याच तळ्यातले. दुसऱ्या दिवशी नवा आठवडा, अजून दोन आले. चारातले तीन घेतले, १५००० सोनं, ९ जेम, खिसा रिकामा.

दादा अर्ध्याहून जास्त चिखल तुडवून बसला होता. मागे फिरावं तरी तेवढंच. त्याने पुढे जाऊन माझं टाउन घेतलं, मग परत फिरला, म्हणजे पुन्हा चिखल. तो आपल्याच राजधानीला वेढा घालायला आला तोवर मी भिंतीआड तयार होतो. लढाईचं वर्णन करत नाही. एवढंच सांगतो की त्याचा शेवटचा आर्चएंजल माझ्या मायटी गॉर्गनच्या नुसत्या नजरेने मेला.

पुढे तो डाव वहिनींनी जिंकला, ते वेगळं. रँपार्ट घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या, ट्रेझरीचं दर आठवड्याचं १० टक्के व्याज खात. आमचं संपल्यावर गोल्ड ड्रॅगन घेऊन आल्या आणि मला झाडून नेलं.

तर प्रश्न असा: तगड्या गड्याला असं गुंडाळायच्या तुमच्या युक्त्या काय?

---

तिरपा_डोळा | रविवार, ९:३०

वाखूसा (वाचनखूण साठवली). "२५०० सोन्याचा फालतू हिरो" हे माझ्या ऑफिसातल्या पदाचं वर्णन आहे.

---

मठ्ठ_ग्नोल | रविवार, ९:४८

भारी लिहिलंय. हा गेम आता मिळतो का? मी कॉलेजात असताना वाशीच्या एका सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन खेळायचो. कॅफेवाला सेव्ह केलेले डाव दर सोमवारी पुसून टाकायचा, त्यामुळे मी एकही डाव पुरा केलेला नाही. खरंच नाही.

---

नौपाडकर | रविवार, १०:०५

@मठ्ठ_ग्नोल, 'कम्प्लीट' नावाची आवृत्ती घ्या. त्यात मूळ गेम, १९९९ चं 'आर्मागेडन्स ब्लेड' आणि २००० चं 'शॅडो ऑफ डेथ' तिन्ही येतं. २०१५ मध्ये एचडी आवृत्ती निघाली ती घेऊ नका, चित्रं चकचकीत आहेत पण दोन्ही विस्तार त्यात नाहीत. कम्प्लीट असेल तर त्यावर 'हॉर्न ऑफ द अबिस' फुकट चढवता येतं. चाहत्यांनी केलेलं आहे, पहिल्यांदा २०११ मध्ये आलं. समुद्री चाच्यांचं एक नवं टाउन आहे त्यात, कोव्ह, आणि ऑनलाइन खेळायला लॉबीही.

---

नेरुळची_मावशी | रविवार, ११:२०

छान रंगवलंय, पण शंका आहेत. मी एकटी खेळते, रात्री सगळे झोपल्यावर, त्यामुळे शंका काढायला वेळ भरपूर.

एक, या गेममध्ये एकदा उघडलेला नकाशा सहसा परत झाकला जात नाही. उघडलेल्या भागात शत्रूचा हिरो हलला की दिसतोच. मग तुमचा हिरो सहा दिवस चालत होता तो दादांना दिसला कसा नाही?

दुसरी गोष्ट जेमची. पाँडमधून रोज १, आठवड्याला ७. दोन आर्चएंजलना ६. म्हणजे दादांचा हिशेब आधीच काठावर होता, दोन दिवस पाँड तुमच्याकडे राहिला तरी एक आर्चएंजल लटकणार. इथवर तुमचं बरोबर. पण दादांनी साधे एंजल का नाही घेतले? साधा एंजल ३००० सोनं आणि १ जेम. दोघांना मिळून २ जेम. घेऊन ठेवायचे आणि जेम आले की फरक भरून टाउनमध्ये अपग्रेड करायचे. ते मध्ये थांबले म्हणून तुम्हाला तयार माल मिळाला. तुमची युक्ती चांगली होती, नाही असं नाही, पण त्यांचा हव्यास तुमच्या युक्तीपेक्षा मोठा होता.

आणि सर्पेंट फ्लायची एकेकटी आमिषं लढाईत वापरलीत की नाही ते लिहिलं नाही. बहुतेक वापरली असणार. इतरांवर चालतं ते, कारण एका फेरीत क्रीचर एकदाच उलट वार करतं. पण कॅसलचे रॉयल ग्रिफिन कितीही वेळा उलटतात. तिथे आमिष म्हणजे निव्वळ नाश्ता.

---

नौपाडकर | रविवार, ११:४१

मावशी, दंडवत. ग्रिफिनच्या बाबतीत तुम्ही पकडलंत, सहा माश्या गेल्या तेव्हा आठवलं.

नकाशाचं: दक्षिणेकडची दलदल दादाने उघडलीच नव्हती. त्याला चिखलाचा इतका तिटकारा की तिकडे टेहळणीला साधा हिरोही पाठवला नव्हता. उत्तरेकडून गेलो असतो तर पहिल्याच दिवशी दिसलो असतो. शेवटचे दोन दिवस गवतावर मात्र त्याच्या नजरेत होतो. पण तोवर तो चिखलात मध्यावर होता, नुसता बघू शकत होता.

एंजलचं मात्र माझ्याही डोक्यात आलं नव्हतं.

---

अण्णा_हिशेबी | रविवार, दुपारी १:१५

हे वाचून पालखेड आठवणार नाही असा मराठी माणूस विरळा. १७२८. निजाम पुण्यात येऊन बसलेला, तोफखाना जबरदस्त. बाजीराव समोरासमोर गेलेच नाहीत. गुजरातेकडे जाऊन बुऱ्हाणपुरावर चालून जाण्याची हूल दिली. निजामाला पुणं सोडून मागे धावावं लागलं, धावायचं म्हणून जड तोफा मागे ठेवाव्या लागल्या, आणि पालखेडला पाण्याविना कोंडला गेला. मार्चमध्ये मुंगी-शेवगावचा तह. आपल्या धाग्यातला जेम पाँड म्हणजे बुऱ्हाणपूर, आणि दलदल म्हणजे गोदावरीकाठचं ते कोरडं रान. उलटं आहे, पण काम तेच.

---

कोपरीचा_किल्लेदार | रविवार, १:३२

आला बाजीराव. मी घड्याळ लावून बसलो होतो, चार तासांत येईल म्हणून. हलके घ्या.

पण अण्णा, ठाण्यात बसून लांब कशाला जाता? १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला तो आपल्या समोरच आहे. आत सेंट्रल जेल आहे म्हणून कुणी बघायला जात नाही एवढंच. वसई पडायला मात्र पुढे दोन वर्षं लागली, १७३९. तिथे हूल वगैरे नाही, सरळ वेढा आणि सुरुंग. सगळीकडे गनिमी कावा नसतो. कधीकधी भिंतच फोडावी लागते, आणि त्याला माणसं लागतात.

---

अण्णा_हिशेबी | रविवार, १:५०

भिंत फोडायला पाहिजेच, पण तिच्या आत कोण आहे ते आधी ठरवायचं असतं. नौपाडकरांनी भिंतच फोडली ना शेवटी? फक्त आत तिरंदाज होते, आर्चएंजल नव्हते.

---

तिरपा_डोळा | रविवार, २:०४

अण्णा १, किल्लेदार ०. जेवायला जा आता.

---

हिरवट_लिझर्डमॅन | रविवार, दुपारी ४:२६

सगळे कौतुक करताहेत म्हणून कुणीतरी बोलायला हवं. टापांचे आवाज ऐकणं ही चीटिंग आहे. सरळ. तिघं गॅलरीत का जातात? स्क्रीन बघू नये म्हणून. मग कान आत ठेवून काय उपयोग? पत्ते खेळताना समोरच्याच्या चष्म्यात बघण्यासारखं आहे हे.

---

मठ्ठ_ग्नोल | रविवार, ४:४०

चष्म्यात बघणं वेगळं. रमी खेळताना समोरच्याने कुठलं पान उचललं, कुठलं टाकलं, उचलताना चेहरा कसा झाला, हे तुम्ही बघत नाही? तो चेहरा त्याने झाकायचा. स्पीकर बंद करणं दादांच्या हातात होतं.

---

हिरवट_लिझर्डमॅन | रविवार, ४:५२

रमीत टाकलेलं पान सगळ्यांना दिसावं असाच नियम आहे. इथे आवाज खेळणाऱ्यासाठी आहे, गॅलरीसाठी नाही. आणि मुळात याला स्ट्रॅटेजी म्हणून मिरवू नये. गेममध्ये बातमी काढायची सोय आहे की! थीव्ज गिल्ड आहे. टॅव्हर्न जितक्या जास्त तितका तक्ता जास्त उघडतो. ती मेहनत करा.

---

नेरुळची_मावशी | रविवार, ५:१०

मला दोघांचं पटतंय, म्हणजे कुणाचंच नाही. पण एक सांगते. आवाज ऐकला नसता तरी दादांनी "घर उठवतो" असं ओरडून सांगितलंच होतं. टापा फक्त पोच पावती. तोंड आवरता येत नसेल त्याने स्पीकर बंद करून काय होणार?

---

तिरपा_डोळा | रविवार, ५:१२

मावशी _/\_

---

आर्चएंजल_दादा | रविवार, रात्री १०:०८

नमस्कार. मी तो दादा. या धाग्यासाठी खास आयडी काढला, मंजूर व्हायला पाच तास लागले.

सगळं वाचलं. मेहुण्यांपासून मामेबहिणीपर्यंत सगळ्यांनी लिंक पाठवली, त्यामुळे न वाचून सुटका नव्हती. मावशी, एंजलचं तुमचं बरोबर आहे, कबूल. अपग्रेड न केलेला एंजल हिरोच्या रांगेत बघवत नाही मला. सवय वाईट आहे.

पण नौपाड्याच्या या इतिहासकाराने एक गोष्ट गाळली आहे. "लढाईचं वर्णन करत नाही" म्हणे! का करत नाही? मी सांगतो. वेढ्याची लढाई सुरू झाली तेव्हा मला स्टेशन गाठायला पंधरा मिनिटं उरली होती. ट्रान्सहार्बरची गाडी चुकली की नेरुळला टॅक्सी, आणि त्या वेळी टॅक्सीवाला जो भाव सांगतो त्यात दोन आर्चएंजल येतात. मी ऑटो कॉम्बॅटचं बटण दाबलं आणि बूट घालायला गेलो. ती लढाई माझ्याकडून कॉम्प्युटर लढला. त्याने माझे आर्चएंजल एकेक करून गॉर्गनच्या तोंडी दिले. मी परत येऊन बघितलं तर "नुसत्या नजरेने" वगैरे झालेलं होतं.

आता सांगा, कोण कुणाला हरवलं?

---

हिरवट_लिझर्डमॅन | रविवार, १०:१५

!!!

---

नौपाडकर | रविवार, १०:३३

दादा, तू इथे आलास.

बरं, ऑटो कॉम्बॅट खरं आहे. गाळलं, कबूल. पण तुला उशीर का झाला ते पण सांग. नऊ वाजता तू चिखलातून माझ्या टाउनला पोचलास, तिथून परत फिरलास, साडेदहा वाजले. तो चिखल मी घातला नव्हता, पण त्यात तुला मी नेलं. घड्याळही त्यातच आलं. एरवी तू साडेनऊला आम्हाला तिघांना मारून सावकाश नऊ नंबर प्लॅटफॉर्मवर जाऊन उभा राहतोस.

शिवाय लढाईत मी मास स्लो (वेग कमी करणारी जादू) टाकला होता. पहिल्या लेव्हलचा साधा स्लो, पण अर्थ (पृथ्वी) मॅजिक एक्स्पर्ट असलं की सगळ्या शत्रूसैन्यावर एकदम पडतो. तू स्वतः खेळला असतास तरी तुझे आर्चएंजल अर्ध्या वेगानेच आले असते. भिंतीच्या आतला हिरो पळू शकत नाही, त्यामुळे हरलो असतो तर सगळं गेलं असतं. धोका मीच घेतला होता.

---

आर्चएंजल_दादा | रविवार, १०:४१

स्लोवर डिस्पेल असतो, जादू उतरवणारा. माझ्याकडे होता. कॉम्प्युटरने टाकला नाही.

पुढच्या वेळी तोच नकाशा लावू. सेव्ह झालेला असेल रँडम मॅप्सच्या फोल्डरमध्ये. तीच टाउन. तू फोर्ट्रेस, मी कॅसल. मी रात्री तुझ्याकडेच राहणार आहे, मावशीला सांगून ठेव. बघू.

---

नेरुळची_मावशी | रविवार, १०:४४

कुठली मावशी? मी?

---

आर्चएंजल_दादा | रविवार, १०:४५

अहो नाही, त्याची आई. पण तुम्ही पण या.

---

संपादक | सोमवार, सकाळी ८:००

मध्ये आलेले पानिपतावरचे अकरा प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. कृपया विषयाला धरून लिहावे.

---

मठ्ठ_ग्नोल | सोमवार, दुपारी १२:३७

कम्प्लीट घेतलं. काल रात्री बसलो. पंचवीस वर्षांनी पहिला डाव पुरा केला. हरलो. पण पुरा केला.

एक प्रश्न. तुमच्या कथेतले तीन आर्चएंजल तुम्ही मुख्य हिरोकडे घेतले का? मी तसंच करून बघितलं आणि माझा हिरो दलदलीत एकदम मंद झाला.

---

नौपाडकर | सोमवार, १:०२

नाही घेतले, आणि तेच सांगायचं राहिलं. सगळं सैन्य त्या जमिनीचं असेल तरच सूट. एक जरी परका घुसला तरी चिखल सगळ्यांना लागतो. मी ते तिघे टाउनच्या पहाऱ्यालाच ठेवले, भिंतीमागे. चालायला गॉर्गन, बसायला आर्चएंजल.

---

कोपरीचा_किल्लेदार | सोमवार, १:२०

"एक जरी परका घुसला तरी" हे वाक्य सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका, गैरसमज होतील.

---

तिरपा_डोळा | पुढच्या महिन्यातला शुक्रवार, रात्री ९:५५

धागा वर आणतोय. उद्या दुसरा शनिवार.

---

नौपाडकर | रविवार, दुपारी १२:५०

उठलो आत्ता. पहाटे चारपर्यंत चाललं. दादा अजून हॉलमध्ये झोपलाय, म्हणून हळू टाइप करतोय.

तोच नकाशा, तीच टाउन. दादा आला तो हेडफोन घेऊन. बॅगेतून काढून टेबलावर ठेवले, सगळ्यांना दाखवले, आणि म्हणाला, "हे आणलेत. पण मला कान दुखतात, स्पीकरच बरा." आणि परत बॅगेत टाकले. वहिनी हसल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

पहिला महिना नेहमीसारखा. या खेपेला त्याने साधे एंजल घेतले (मावशी, तुमचं नाव घेऊन घेतले). जेम पाँडवर मी झेंडा लावला, त्याने तो परत घेण्याचे कष्टही केले नाहीत. दुसऱ्या महिन्याच्या दुसऱ्या दिवशी मी गॅलरीत होतो. आतून टपटप, टपटप, आणि मग पचक. पचक पचक पचक. बराच वेळ. त्याने मध्येच एक शिवीपण घातली, चिखलाला.

मी खूश. डॉक्टरांना म्हटलं, अडकला परत. माझा टर्न आल्यावर मुख्य हिरो दक्षिणेकडून काढला, तोच वळसा, चार दिवस चिखल, दोन दिवस गवत. रोज गॅलरीत पचक पचक ऐकतोय, दिवस मोजतोय. सहाव्या दिवशी त्याच्या राजधानीपाशी पोचलो तर आत हिरो बसलेला. चार एंजल, क्रुसेडर, सगळं भरलेलं.

मागे वळावं तर त्याच दिवशी माझं टाउन गेलं. उत्तरेकडच्या खिंडीतून. तिथले राखणदार त्याने पहिल्याच महिन्यात मारून ठेवले होते, आणि खिंड माझ्या नकाशावर काळी होती, कारण मागच्या डावात तिची कधी गरजच पडली नव्हती. मुख्य हिरो कोरड्या रस्त्याने आला. गवतावरची टपटप रोजच येते, तिच्याकडे कोण लक्ष देणार?

चिखलात कोण होता? एक २५०० सोन्याचा हिरो आणि एक पाइकमन. दादा रोज त्याला दलदलीत थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत होता. मी एकदा दारापर्यंत जाऊन "स्पीकरचा आवाज वाढवलास का?" म्हणून विचारलं असतं तर... पण विचारलं नाही. आवाज मागच्या वेळेपेक्षा मोठा होता हे मला आत्ता, टाइप करताना आठवतंय.

---

हिरवट_लिझर्डमॅन | रविवार, १:०५

आज मला फार बरं वाटतंय.

---

नेरुळची_मावशी | रविवार, १:१८

चार साधे एंजल! शाब्बास. आणि शेवटी जिंकलं कोण?

---

नौपाडकर | रविवार, १:२१

वहिनी.

---

आर्चएंजल_दादा | रविवार, १:३०

उठलो. हळू टाइप करत नाहीये तो, कीबोर्डचा खडखडाट इथपर्यंत येतोय. मी डोळे मिटून सगळं ऐकत होतो.